लच्छूचा भोंगा आणि भांडेकरांची कॉफी

श्रीहरी भांडेकरांना कुणी भित्रे म्हटलं की त्यांना राग यायचा. ते म्हणायचे, मी भित्रा नाही, सावध आहे. आता सावध माणूस म्हणजे कसा, तर तार आली म्हटल्यावर ती न वाचताच खाली बसणारा, आणि साहेबानं ‘जरा या’ म्हटलं की आपली बदली पार सिरोंच्याच्या पुढे झाली असं धरून बायकोला ट्रंक काढायला सांगणारा. ती ट्रंक इतक्यांदा काढली आणि ठेवली होती की तिच्या कड्या निघाल्या होत्या. बदली मात्र एकदाही झाली नाही.

ते जंगलखात्याच्या लाकूड आगारात मोठे बाबू होते. आलापल्लीच्या अलीकडे कोसमफाटा लागतो, तिथून आत जंगलातून गेलं की हे आगार. दिवसभर सागाच्या ओंडक्यांमध्ये बसायचं, पण ते ओंडके जिथून आले त्या जंगलात पाऊल टाकायचं नाही, असा त्यांचा नेम. जंगलात काय काय होतं ते त्यांना फायलींवरून पाठ होतं. अस्वलानं फाडलेल्या, वाघानं नेलेल्या माणसांच्या भरपाईचे कागद त्यांच्याच टेबलावरून पुढे जात. आणि माझं म्हणणं असं की, प्रत्यक्ष अस्वल बघून जेवढी भीती वाटत नसेल तेवढी ती फाईल वाचून वाटते. अस्वल एकदा येतं आणि जातं. फाईल शेरा मारून परत येते.

अशा माणसाला काय लागतं? शांतता लागते. मागून काय येऊन राहिलं ते ऐकू तर आलं पाहिजे. आणि शांतता कोसमफाट्यावर औषधालाही नव्हती, कारण तिथं लच्छूचं हॉटेल होतं.

हॉटेल म्हणजे मोहाच्या झाडाखाली कुडाच्या भिंती आणि चार बाकं. पण आवाज! पंपाचा स्टोव्ह सकाळपासून फुरफुरायचा तो दिवे लागले तरी थांबत नसे. आलूबोंडे तळायचा चर्रर्र, ग्लास बादलीत बुचकळायचा खणखणाट, एसटी आली का, नाही आली का, बैल कुणाचा आणि शेत कुणाचं यावरून भांडणं. त्या सगळ्याच्या वर, मोहाच्या शेंड्याजवळ बांधलेला भोंगा. लच्छू लग्नाकार्यात भोंगा भाड्यानं देई, आणि लग्न नसलं की बॅटरीवर तो स्वतःच वाजवत बसे. एकच टेप. त्यातली एक बाजू खराब, म्हणजे उरली एकच बाजू. भांडेकरांना ती शब्दन् शब्द पाठ झाली होती, आणि आपल्याला ती पाठ आहे याचाच त्यांना सगळ्यांत जास्त अपमान वाटायचा.

एकदा खात्याच्या कामासाठी ते नागपूरला गेले आणि तिथं एका कॉफीच्या दुकानात बसले. लोक हळू बोलत होते. चमचा बशीत ठेवला तरी ठेवणारा ओशाळून इकडेतिकडे बघत होता. भांडेकरांचे डोळे भरून आले म्हणतात. परत आले ते निश्चय करूनच. कोसमफाट्यावर लच्छूच्या समोर, रस्त्याच्या पलीकडे, सभ्य माणसांसाठी शांत कॉफीचं दुकान काढायचं.

पण सरकारी नोकराला धंदा करता येत नाही. उपाय एकच, दुकान बायकोच्या नावावर, आणि पैसाही तिच्याच पाटल्या मोडून.

मीराबाई म्हणाल्या, “अजी, नाव माझं टाकता, तर मले का येते कॉफी कराले? मी आजलोग प्याली नाई.”

“शिकून घे. आन् आयक, कोनी इचारलं तर सांगायचं, दुकान माझं हाय, घरच्या मान्साचा संबंध नाई.”

“मंग घरच्या मान्साले इथी बसू नोका म्हनावं.”

इथं मीराबाईंची एक गोष्ट सांगून ठेवली पाहिजे. त्यांनी लग्न झाल्यापासून नवऱ्याचं नाव तोंडातून काढलं नव्हतं. त्या काळी आमच्याकडे बहुतेक बायका काढत नसत, पण बाकीच्या निदान हळदीकुंकवात चार जणींनी घेरलं की उखाण्यात तरी घेत. मीराबाई तेवढ्यात पाणी प्यायला उठून जात. मतदारांची नावं लिहिणारा गुरुजी दारात आला आणि त्यानं नवऱ्याचं नाव विचारलं, तेव्हा त्यांनी शेजारच्या वच्छलाबाईंना हाक मारली, “बाई, ह्याईचं नाव सांगा ना जी थोडं.” वच्छलाबाई म्हशीला पाणी पाजत होत्या, गुरुजी दारात ताटकळला. पण नाव काही निघालं नाही.

तर बोर्ड लागला. वर बारीक अक्षरात ‘मीराबाई कॉफी गृह’ आणि खाली त्याच्या तिप्पट मोठ्या अक्षरात ‘कृपया शांतता राखा’.

सल्ले द्यायला गाव तयारच होतं. बापूजी म्हणून एक निवृत्त मास्तर फाट्यावरच राहत, ते रोज येऊन बाकावर बसत आणि बांधकाम बघत. ते म्हणाले, “भांडेकरजी, शांतताच ठेवायची तर गिऱ्हाईक कायले ठेवता?” वच्छलाबाईंचं म्हणणं पडलं की कॉफी अंगाला गरम पडते, तिच्याऐवजी आंबील ठेवा. ट्रकवाल्यांनी सांगितलं, एक टेपरेकॉर्डर ठेवा, शांततेची गाणी लावा.

भांडेकरांनी कुणाचं ऐकलं नाही. पंपाच्या स्टोव्हचा आवाज होतो म्हणून वातीचा स्टोव्ह आणला. त्यावर दूध तापेपर्यंत एक एसटी येऊन निघून जाई. बशी वाजते म्हणून बशीखाली फडकी घातली. बाकाला तेल दिलं, दाराच्या बिजागरीला तेल दिलं, एका गिऱ्हाइकाच्या करकरत्या चपलांनाही त्यानं काढून ठेवल्याची संधी साधून तेल दिलं. तो नंतर घसरला, पण शांतपणे घसरला, हे मात्र खरं.

पहिल्याच दिवशी जंगलातल्या टोल्यावरचा, म्हणजे आतल्या वस्तीवरचा, पत्रू आला. म्हातारा मोहफुलं विकायला येई. त्यानं दारातून बघितलं. आत चार माणसं माना खाली घालून गप बसलेली, बाई पदर सावरून कोपऱ्यात उभी, आणि मालक ओठांवर बोट ठेवून दारात. पत्रूनं डोक्याचं फडकं काढलं, भिंतीला टेकून जमिनीवर बसला आणि अगदी खालच्या आवाजात म्हणाला, “कवा झालं जी?”

“काय कवा झालं?”

“जे झालं थे. लय वाईट झालं बाप्पा.” आणि त्यानं डोळे पुसले.

त्याला समजावता समजावता भांडेकरांचा घसा बसला. तो बसला हे एका परीनं बरंच झालं, शांततेचा भंग झाला नाही. पण एकटा पत्रूच तसं समजला असता तर गोष्ट वेगळी. जो येई तो आधी चपला बाहेर काढी आणि घरात कोण गेलं ते विचारी. वर आणखी कॉफी! आमच्याकडे कॉफी तेव्हा देत ती आजारी माणसाला. त्यामुळे कुणी गेलेलं नसलं तर जायच्या बेतात आहे, अशी सगळ्यांची समजूत. लोक कप एका घोटात रिकामा करत आणि रस्ता ओलांडून लच्छूकडे तोंड मोकळं करायला धावत.

आणि एवढं करून शांतता होतीच कुठं? रस्त्यापलीकडून भोंगा होताच की. ‘शांतता राखा’च्या खाली बसून माणसं भोंग्याच्या तालावर पाय हलवत. भांडेकरांच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. त्यांनी मीराबाईंच्या नावानं अर्ज लिहिला.

अर्ज आधी पोलीस चौकीत गेला. चौकी म्हणाली, भोंगा झाडावर आहे, झाड जंगलखात्याचं. जंगलखात्यानं लिहिलं, झाड आमचं पण रस्त्याच्या कडेला, रस्ता बांधकामवाल्यांचा. बांधकामवाले म्हणाले, आमचा संबंध डांबराशी, आवाज हवेत आहे. त्यातून गडचिरोली जिल्हा नुकताच वेगळा झालेला, निम्मी कपाटं अजून चंद्रपुरात. त्यामुळे अर्ज एकदा चंद्रपूर बघून आला, आणि शिवरात्रीला मार्कंड्याची जत्रा झाली तरी निकाल नाही. शेवटी कुणीतरी हुशारी केली आणि लिहिलं, ‘स्थानिक चौकशी करून अभिप्राय द्यावा’. म्हणून कागद आला तो कोसमफाट्याच्या लाकूड आगारात, मोठ्या बाबूंच्या टेबलावर.

भांडेकरांनी आपलंच अक्षर ओळखलं आणि त्यांची पाचावर धारण बसली. बायकोच्या नावाचा अर्ज नवऱ्याच्या हाताचा, आणि त्यावर अभिप्राय नवऱ्याचाच! पण नाही लिहिला तरी विचारणा होणार. दार लावून घेऊन त्यांनी अक्षर डावीकडे झुकवलं आणि लिहिलं, ‘अर्जदार बाई सुस्वभावी दिसतात. त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे. राखीव जंगलातील जिवंत झाडास विनापरवाना तार गुंडाळून भोंगा टांगल्याने झाडास इजा पोचते.’ झाडाला इजा म्हटल्यावर खातं जागं झालं. आठवड्याच्या आत भोंगा खाली.

लच्छूनं काही भांडण केलं नाही. भोंग्यावर बारदान घालून तो कोपऱ्यात ठेवला आणि म्हणाला, “ठीक हाय जी. कागदच आला तं का करता.” त्याच्या या न भांडण्यानं भांडेकर जास्त घाबरले. ते पुढचे काही दिवस लच्छूच्या हॉटेलासमोरून सायकल जोरात हाणत.

आता खरी शांतता झाली. भोंगा गेला तशी लच्छूकडची माणसंही लवकर पांगू लागली. पूर्वी जंगलातल्या टोल्यांवरचे लोक भोंगा ऐकत बसत, सोबत जमली की मोठमोठ्यानं बोलत, काठ्या आपटत, घोळक्यानं घरी जात. आता ऊन कलायच्या आत जो तो निघू लागला. दिवे लागायच्या वेळेला भांडेकर आपल्या दुकानाच्या ओट्यावर बसले आणि त्यांनी कान दिला. इतकं स्वच्छ ऐकू येत होतं! पाठीमागं पाला वाजला. तो कशानं वाजला? दूर भेकर भुंकलं. ते कशाला बघून भुंकलं? मोहाचं फूल टपकन पत्र्यावर पडलं आणि भांडेकर ताडकन उठून आत आले.

“आता कसं वाटून राह्यलं?” मीराबाईंनी विचारलं.

“छान,” ते म्हणाले आणि त्यांनी खिडकी लावून घेतली.

हे एवढ्यावरच निभावलं असतं. पण तेवढ्यात नवे साहेब आले. पुण्याकडचे, तरुण, पहिल्यांदाच या बाजूला. जीप फाट्यावरून येत असताना त्यांनी बोर्ड वाचला आणि आगारात येऊन म्हणाले, “भांडेकर, इथं शांत कॉफी मिळते? अहो, कमाल आहे! उद्या संध्याकाळी सहाला जाणार मी तिथं. कोण या मीराबाई?”

“असतील कोणीतरी, साहेब,” भांडेकर म्हणाले आणि हातातली फाईल उलटी धरून वाचू लागले.

रात्रभर त्यांनी मीराबाईंना पढवलं. पण मीराबाईंना खोटं बोलता येत नसे, हीच तर पंचाईत. साहेबांनी ‘तुमचे मालक काय करतात’ एवढं विचारलं की त्या सरळ सांगणार, तुमच्याच हापिसात हायेत जी. आणि मग? मग चौकशी. अभिप्राय निघणार, डावीकडे झुकलेलं अक्षर निघणार. नोकरी जाणार. सहाच्या आधी दुकानात पोचून मीराबाईंना मागच्या दारानं घालवायचं आणि कॉफी वच्छलाबाईंच्या हातून द्यायची, एवढा एकच मार्ग उरला होता.

दुसऱ्या दिवशी साहेब वाटेतलं एक काम बघून जायचं म्हणून जीपनं लवकर पुढे गेले, आणि भांडेकर सायकलजवळ आले तर चाक बसलेलं. आगाराचा चौकीदार इसरू म्हणाला, “थांबा बाबूजी, कुलपं लावतो न् सोबत येतो. मोहाचा महिना हाय, अस्वल फुलं खाले उतरते.”

मोठ्या बाबूनं चौकीदाराच्या सोबतीनं जायचं? आणि कुलपं लावेपर्यंत साहेबांची कॉफी पिऊन होणार. “मी काय लहान पोट्टा हाय?” असं म्हणून ते सडकेनं न जाता जवळच्या पायवाटेनं निघाले. आयुष्यात एवढी हिंमत त्यांनी कधी केली नव्हती. साहेबाची भीती अस्वलाच्या भीतीपेक्षा मोठी निघाली, म्हणून पाय उचलले, बस्स.

या पायवाटेनं ते एकदाच गेले होते, गेल्या वर्षी, नाइलाजानं, इसरूबरोबर. पहिला नाला लागला. बरं वाटलं. पुढे वाटेला दोन फाटे फुटले. भांडेकर उभे राहिले. गेल्या वर्षी इथं काय केलं होतं? आणि मग त्यांना आठवलं. इसरूनं सांगितलं होतं, नाल्यापासून भोंगा डाव्या कानावर ठेवायचा, आणि मोठं वारूळ लागलं की समोर धरून चालत राहायचं. इकडचे सगळेच तसे चालत. मोहफुलं वेचणाऱ्या बाया, लाकूडफाटा आणणारे, गुराखी, सारे संध्याकाळी भोंग्यावर कान ठेवून रस्त्याला लागत.

भांडेकरांनी डावा कान पुढे केला. काही नाही. उजवा केला. काही नाही. पानसुद्धा हलत नव्हतं. अशी शांतता त्यांनी नागपुरातही ऐकली नव्हती.

त्यांनी डावी वाट धरली. बरंच चालल्यावर एक वारूळ आलं. ते पुढे गेले. आणखी बरंच चालल्यावर पुन्हा एक वारूळ आलं. जंगलात वारुळं पुष्कळ असतात, असं त्यांनी मनाशी म्हटलं. पण या वारुळाजवळ सरकारी चपलेचा ठसा होता, आणि तो त्यांच्याच चपलेचा होता. तिथून त्यांचा धीर सुटला.

वारूळ एका बाजूनं उकरलेलं होतं. माती ओली होती. अस्वल वाळवी खायला वारूळ उकरतं, हे त्यांना कुठल्या फायलीत वाचलं तेही आठवलं. त्या फायलीतला माणूस त्यांना आठवला, त्याच्या जखमांचं वर्णन आठवलं, आणि त्या वर्णनावर आपण ‘तपशील अपुरा’ असा शेरा मारून कागद परत पाठवला होता हेही आठवलं. आणि अशा वेळीसुद्धा, सांगायला लाज वाटते, त्यांच्या डोक्यात विचार आला तो आपल्या फायलीचा. मयत सरकारी कामावर होता की खासगी? आगारातून निघाला म्हणजे सरकारी. पण कॉफीच्या दुकानाकडे चालला होता म्हणजे खासगी. म्हणजे मीराबाईला एक छदाम मिळणार नाही. आणि हा शेरा मारणारा बाबू कोण असेल, तर आपल्या जागी येणारा कुणीतरी टोणगा.

मागं झुडपात काहीतरी हललं. हललं आणि थांबलं. मग जोरात श्वास सोडल्यासारखा ‘फुस्स’ असा आवाज आला.

ओरडायला हवं होतं. त्यांनी तोंड उघडलं. आवाज फुटेना. इतके महिने लोकांना गप बसवून बसवून त्यांच्या स्वतःच्या घशाला ती सवय लागली होती की काय कोण जाणे. मोठ्या मुश्किलीनं जे बाहेर पडलं ते “कोणी आहे का हो?” असं, साहेबाच्या दारात उभं राहून विचारावं तितक्या हळू. मग त्यांनी टाळ्या वाजवल्या. त्या इतक्या क्षीण वाजल्या की त्यांनाच दया आली. शेवटी गायचं ठरवलं. पण गाणं कुठलं? भजन एकही आठवेना. आणि मग तोंडातून आपोआप निघाली ती लच्छूच्या टेपची बाजू. पहिल्या गाण्यापासून, मधल्या खरखरीसकट. भांडेकर रडत होते आणि गात होते. वारुळाला पाठ लावून, हातात एक वाळकी काटकी घेऊन, त्यांनी ती बाजू अर्धी संपवली. झुडपातला फुस्स आवाज थोडा जवळ आला.

सूर्य झाडांच्या मागं गेला होता. अंधार पायाकडून वर चढत होता. “मीरे,” भांडेकर म्हणाले, “चुकलो ना वं.”

आणि तेवढ्यात लांब कुठंतरी खरखर झाली.

“हालो. हालो, मायक टेस्टिंग.”

लच्छू! लच्छूचा आवाज! पण कुठून आला? ते मान वळवतात तोवर खट्ट झालं आणि भोंगा बंद पडला. पुन्हा तीच शांतता.

तिकडे फाट्यावर काय चाललं होतं ते नंतर कळलं. साडेसहा होत आले तरी नवरा येईना, मागून आलेला इसरू म्हणाला ते तर पायवाटेनं कधीच निघाले, तशा मीराबाई साहेबांची दुसरी कॉफी स्टोव्हवर टाकून रस्ता ओलांडून लच्छूकडे धावल्या. लच्छूनं बारदान फेकलं आणि भोंगा खांद्यावर घेऊन तो झाडावर चढला. त्यानं हालो म्हणताच साहेब बाहेर आले आणि म्हणाले, “अहो, याला परवानगी आहे का? आमच्या खात्याचा कागद आहे ना बंदीचा?” लच्छूनं भिऊन बटण बंद केलं. त्यावर मीराबाई साहेबांना काय म्हणाल्या ते तीन-चार प्रकारांनी सांगतात. बापूजी सांगतात ते छापण्याजोगं नाही. एवढं खरं की साहेब स्वतःच म्हणाले, “लावा, लावा, लवकर लावा.”

इकडे भांडेकरांच्या कानावर पुन्हा खरखर आली, आणि तिच्यातून बायकोचा आवाज.

“अजी! अजी, आयकता काऽऽ!”

“ओ!” भांडेकर ओरडले. पण ओ ऐकायला भोंग्याला कान थोडेच असतात!

“अजी, इकडे या नाऽऽ!”

मग भोंग्यातच लच्छूचा आवाज आला, जरा लांबून. “बाई, नाव घ्या. अजी म्हनलं तं जंगलातला समदाच बाप्या धावत येईल. संध्याकाळची येळ हाय, कोन कोन कुठी कुठी हाय. नाव घ्या.”

भोंगा नुसताच खरखरत राहिला. भांडेकरांनी श्वास रोखला. मागचं जनावर, माझा अंदाज आहे, त्यानंही रोखला असावा.

“श्री...” भोंगा म्हणाला. आणि थांबला.

सगळा फाटा खाली उभा होता. साहेब होते, बापूजी होते, एसटीतून उतरलेली माणसं होती. लग्नाला इतकी वर्षं झालेली.

“श्रीहरीऽऽ!”

सगळं जंगल त्या नावानं भरून गेलं. “ओ श्रीहरी भांडेकऽऽर! इकडे याऽऽ! मी इथी हाओ! श्रीहरीऽऽ!”

खरं सांगायचं तर भांडेकरांना पहिल्यांदा रागच आला. चारचौघांत, भोंग्यावर, नवऱ्याचं नाव! आगारात उद्या तोंड कसं दाखवायचं? पण तो राग पुरता यायच्या आत त्यांचे पाय सुटले होते. नाव समोर धरायचं आणि पळायचं. काटे लागले, चपलेचा एक पाय नाल्यात गेला, विजारीची एक तंगडी बाभळीनं ठेवून घेतली. नाव डावीकडे सरकलं की ते उजवीकडे चुकले असं समजायचं आणि वळायचं. मीराबाईंचा आवाज चिरकला, घोगरा झाला, पण थांबला नाही. एकदा उंबरठा ओलांडला म्हटल्यावर त्या नाव घेतच राहिल्या. इतक्या वर्षांचं साठलेलं एकदाच निघालं.

भांडेकर झाडीतून रस्त्यावर पडले तेव्हा मीराबाईंच्या हातात माईक होता आणि गालांवरून पाणी वाहत होतं. नवरा समोर दिसला तरी त्या माईकमध्येच म्हणाल्या, “आले वं माय!” आणि ते तेवढं साऱ्या टोल्यांनी ऐकलं.

साहेबांनी एका चपलेच्या, एका तंगडीच्या आपल्या मोठ्या बाबूकडे बघितलं. “भांडेकर? म्हणजे ते तुम्हीच? या बाई तुमच्या...?”

भांडेकरांनी मनातल्या मनात ट्रंक बाहेर काढली. संपलं. नोकरी गेली.

“माझे मालक होत,” मीराबाई म्हणाल्या. “दुकान माझं हाय साहेब. पैसा माझा, मेहनत माझी. ह्याईचं काम फक्त भ्याचं.”

लोक हसले. साहेबही हसले, पण जरा फिकट. मग ते भांडेकरांना बाजूला घेऊन खालच्या आवाजात म्हणाले, “बाईंच्या धंद्याला आमची काही हरकत असायचं कारण नाही. पण एक सांगतो, कुणाला बोलू नका. अर्धा तास बसलो मी त्या तुमच्या शांततेत. मागं पाला वाजला तर कप सांडला माझ्या हातून. तो भोंगा परत लावता येतो का बघा.”

तो कागद लिहायला बसले ते भांडेकरच. अक्षर या वेळी सरळ काढलं. ‘सदर भोंग्याचा जंगलातील मार्गस्थांस उपयोग होत असल्याने तो झाडास इजा न करता दोरीने बांधण्यास हरकत नाही.’ कागद कुठंही न फिरता मंजूर झाला. ‘कृपया शांतता राखा’ हा भाग कापून काढला, आणि त्या फळीवर आता मीराबाई आलूबोंडे ठेवतात. कॉफी पंपाच्या स्टोव्हवर होते. तिला लोक अजूनही औषध समजून पितात, पण आता मोठमोठ्यानं बोलत पितात.

झुडपात होतं ते काय होतं? इसरू दुसऱ्या दिवशी बघून आला आणि म्हणाला, वच्छलाबाईची म्हैस सुटली होती ती असेल. भांडेकरांनी हे कधीच मान्य केलं नाही. म्हशीच्या भीतीनं माणूस अर्धी टेप गात नाही, असं त्यांचं म्हणणं.

मीराबाई पुन्हा ‘अजी’वर आल्या. गावातल्या बायकांनी चिडवून चिडवून बेजार केलं, पण नाव पुन्हा त्यांच्या तोंडून निघालं नाही. भांडेकरांनी एकदोनदा आडून सुचवूनही बघितलं. “तुले येते तर नाव घ्याले,” ते म्हणाले. “जंगलात हरवा, मंग घेतो,” त्या म्हणाल्या आणि कप विसळायला लागल्या.

हल्ली संध्याकाळी आगारातून येताना भांडेकर सडकेच्या शेवटच्या वळणावर सायकलवरून उतरतात. तिथून फाटा दिसत नाही, भोंगा तेवढा ऐकू येतो. तीच टेप, तीच बाजू. ते उभे राहतात आणि कान देतात. एक गाणं संपतं, मधली खरखर येते, आणि त्या खरखरीत ते जरा जास्तच थांबतात. मग दुसरं गाणं लागतं. कुठंतरी पाला वाजतो, आणि भांडेकर पटकन सायकलवर बसून फाट्याकडे जोरात पायडल मारू लागतात.